सर्पदंश व विंचूदंश : वेळेचे महत्त्व आणि गावाची जबाबदारी

मृगाच्या सरी कोसळू लागल्या की कर्जत व खालापूर तालुक्यांतील शेतकरी कुटुंबे पहाटेपासून शेतात असतात. राबावर पेरलेले भात तरारून येते, आवण खणून लावणी सुरू होते आणि गुडघाभर चिखलात दिवसच्या दिवस हात चालत राहतात. याच सुमारास बिळांत पाणी शिरल्याने साप बाहेर पडतात. बांध, गडगे, पेंढ्याच्या उडव्या आणि सरपणाचे ढीग ही त्यांची आश्रयस्थाने बनतात. माणूस आणि साप एकाच वाटेवर येतात ते या दिवसांत.

सर्पदंश हा दैवाचा घाला आहे, अशी समजूत आपल्याकडे खोलवर रुजलेली आहे. वस्तुतः तो उपचारसाध्य आजार आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली त्याचा समावेश उष्ण कटिबंधातील उपेक्षित आजारांत केला. भारतातील मृत्यूंच्या एका व्यापक अभ्यासानुसार २००० ते २०१९ या वीस वर्षांत देशात सुमारे १२ लाख माणसे सर्पदंशाने दगावली. म्हणजे वर्षाला सरासरी ५८,००० मृत्यू. त्यांतील बहुसंख्य ग्रामीण भागांतील होते, निम्म्याच्या आसपास मृत्यू जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतले होते आणि बहुतेकांनी रुग्णालयाबाहेरच प्राण सोडला. यातील शेवटची बाब सर्वांत महत्त्वाची आहे. औषध अस्तित्वात असूनही रुग्ण त्याच्यापर्यंत वेळेत पोहोचला नाही, असा तिचा अर्थ होतो.

महामार्ग जवळ, वाडी दूर

कर्जत व खालापूर हे सह्याद्रीच्या पायथ्याचे तालुके. मुंबई-पुणे लोहमार्ग कर्जतवरून जातो आणि द्रुतगती महामार्ग खालापूर तालुक्यातून. नकाशावर पाहिले तर रुग्णालय कोठेच फार दूर वाटत नाही. परंतु ठाकूर व कातकरी समाजांच्या अनेक वाड्या डोंगराच्या उतारावर आहेत आणि त्यांच्यापैकी काहींपर्यंत पोहोचायला पायवाटच आहे. जुलै २०२३ मध्ये खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडीवर दरड कोसळली, तेव्हा मदतपथकांना भर पावसात डोंगर चढून जावे लागले होते. अशा वाडीत मध्यरात्री कोणाला साप चावला, तर रुग्णाला खाली आणण्यातच पहिला मोलाचा तास खर्ची पडतो. त्याआधी दोन तास मंत्रतंत्रात गेले असतील, तर वैद्यकीय उपचारांना अवधीच उरत नाही.

कातकरी कुटुंबे पावसाळा संपल्यावर वीटभट्ट्यांवर स्थलांतर करतात. तेथील झोपड्यांतही जमिनीवर निजणे असते आणि विटांच्या थरांत विंचवांना आयताच आसरा मिळतो. त्यामुळे हा प्रश्न पावसाळ्यापुरता मर्यादित राहत नाही.

चार विषारी साप

आपल्याकडील बहुतेक साप बिनविषारी आहेत. उंदीर फस्त करणारी धामण ही तर शेतकऱ्याची मित्रच होय. मृत्यूंना प्रामुख्याने कारणीभूत होणारे साप चार : नाग, मण्यार, घोणस व फुरसे.

नाग व मण्यार यांचे विष मज्जासंस्थेवर परिणाम करते. पापण्या जड होऊन मिटू लागतात, बोलणे अडखळते, गिळता येत नाही आणि अखेरीस श्वास घेणारे स्नायू लुळे पडतात. नागाच्या दंशाची जागा बहुधा सुजते व दुखते. मण्यारीचे तसे नाही. ती रात्री फिरते आणि जमिनीवर निजलेल्या माणसाला झोपेतच चावते. तिचे दात बारीक असल्याने खूण दिसेलच असे नाही व वेदनाही जवळजवळ होत नाहीत. पहाटे पोटात कळा येतात, ओकारी होते, डोळे उघडेनासे होतात आणि घरची माणसे अपचनाचा संशय घेऊन ओवा देत बसतात. पावसाळ्यात जमिनीवर निजलेले मूल पहाटे पोटदुखीची तक्रार करू लागले व त्याच्या पापण्या मिटू लागल्या, तर मण्यारीचा दंश गृहीत धरून त्याला तत्काळ रुग्णालयात न्यावे. 

घोणस व फुरसे यांचे विष रक्त गोठण्याची क्रिया बिघडवते. दंशाच्या जागी वेदना व सूज येते. हिरड्यांतून, लघवीतून किंवा जुन्या जखमेतून रक्त येऊ लागते. घोणशीच्या विषाने मूत्रपिंडेही निकामी होऊ शकतात.

महाडचा अनुभव

विंचवाच्या बाबतीत आपल्याच जिल्ह्याने जगाला धडा दिला आहे. डॉ. हिंमतराव बावसकर १९७६ च्या सुमारास महाडजवळील बिरवाडी येथील प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. लाल विंचवाच्या दंशाने दगावणारी मुले व तरुण त्यांना तेथे दिसू लागले. त्यांनी प्रत्येक रुग्णाच्या उशाशी बसून लक्षणांची नोंद ठेवली. सर्वांगाला दरदरून घाम, ओकाऱ्या, बर्फासारखे थंड हातपाय, वाढलेला रक्तदाब आणि नंतर फुप्फुसांत पाणी साचून येणारी धाप, असा क्रम त्यांना आढळला. विंचवाच्या विषाने शरीरातच काही उत्तेजक द्रव्ये बेसुमार स्रवतात, रक्तवाहिन्या आकसतात व हृदयावर असह्य ताण पडतो.

हा ताण उतरवण्यासाठी त्यांनी प्राझोसिन हे रक्तदाबावरील साधे व स्वस्त औषध वापरून पाहिले. त्याविषयीचा त्यांचा लेख १९८६ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. पूर्वी गंभीर रुग्णांपैकी ३० ते ४० टक्के दगावत असत; या उपचारानंतर हे प्रमाण १ टक्क्याच्या आसपास आले. पुढे २०११ मध्ये त्यांनी व डॉ. प्रमोदिनी बावसकर यांनी प्राझोसिनला विंचवाच्या प्रतिविषाची जोड दिल्यास रुग्ण अधिक लवकर बरा होतो, हे दाखवून दिले. २०२२ साली डॉ. बावसकरांना पद्मश्री सन्मान जाहीर झाला.

या अनुभवाचे सार असे, की मृत्यू कमी झाले ते तालुक्याच्या पातळीवर, साध्या औषधाने आणि ते वेळेत दिल्याने. मोठा काळा विंचू दिसायला भयंकर असला, तरी आकाराने लहान असणारा लाल विंचू अधिक घातक असतो. दंशाच्या जागी वेदना कमी आहेत म्हणून धोकाही कमी, असे समजू नये. घाम, ओकारी व थंड हातपाय ही धोक्याची लक्षणे होत. प्राझोसिनने रक्तदाब एकाएकी उतरू शकत असल्याने ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली, रुग्णाला झोपवूनच द्यावयाचे असते.

प्रतिविष म्हणजे काय?

साप चावल्यावरचा खरा उतारा प्रतिविष हाच होय. सापाचे विष अल्प मात्रेत घोड्याला टोचतात. घोड्याच्या रक्तात त्या विषाचा प्रतिकार करणारी द्रव्ये तयार होतात व ती शुद्ध करून लस बनवतात. मुंबईच्या परळ येथील हाफकिन संस्थेचे या कार्यातील नाव सर्वांना परिचित आहे. हे प्रतिविष वर सांगितलेल्या चारही सापांच्या विषावर चालते. म्हणून उपचारासाठी साप पकडून किंवा मारून नेण्याची मुळीच गरज नाही. त्या प्रयत्नात वेळ जातो आणि दुसऱ्याला दंश होतो. डोंगरी भागात आढळणाऱ्या हिरव्या चापड्यावर मात्र या लसीचा उपयोग होत नाही. त्याचा दंश क्वचितच प्राणघातक असतो, तरीही रुग्णाला रुग्णालयातच न्यावे.

प्रतिविषाची मात्रा शरीरात गेलेल्या विषावर ठरते, वजनावर नव्हे. त्यामुळे लहान मुलालाही प्रौढाइतकीच मात्रा लागते. क्वचित या लसीची तीव्र प्रतिक्रिया येते. म्हणून ती डॉक्टरांनी, आवश्यक औषधे हाताशी ठेवूनच द्यावी लागते. रक्त गोठते की नाही हे पाहण्याची चाचणी अगदी सोपी आहे. स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत थोडे रक्त घेऊन २० मिनिटे न हलवता ठेवावयाचे. ते न गोठल्यास घोणस वा फुरसे यांचे विष भिनले आहे, असे समजतात. प्राथमिक आरोग्य केंद्रातही ही चाचणी करून प्रतिविषाची पहिली मात्रा देता येते व नंतर रुग्णाला मोठ्या रुग्णालयात पाठवता येते.

पहिल्या तासात काय करावे?

१. रुग्णाला धीर द्यावा व आडवे निजवावे. त्याला चालवू किंवा पळवू नये.

२. अंगठी, बांगड्या, जोडवी, पैंजण ताबडतोब काढावे. सूज आल्यावर ते रुततात.

३. हाड मोडल्यावर बांधतो त्याप्रमाणे काठी किंवा फळी लावून तो हात वा पाय स्थिर करावा. दोरीने करकचून आवळू नये. त्यामुळे अवयव कुजण्याचा धोका असतो व दोरी सोडताच विष एकदम पसरू शकते.

४. जखम कापणे, चोखणे, डागणे, त्यावर पाला किंवा चुना लावणे, दारू पाजणे हे सर्व टाळावे.

५. ओकारी होत असल्यास किंवा गुंगी येत असल्यास रुग्णाला डाव्या कुशीवर ठेवावे.

६. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. वाडीपर्यंत रस्ता नसल्यास झोळीतून रस्त्यापर्यंत आणावे. दंशाची वेळ लिहून ठेवावी.

भगताविषयी

अनेक वाड्यांत प्रथम भगताकडे धाव घेतली जाते. त्याच्या हातून माणसे बरी झाल्याचे गावकरी सांगतात, ते खोटे नसते. चावणारे बहुतेक साप बिनविषारी असतात आणि विषारी सापही पुष्कळदा विष न सोडता चावतो. असा रुग्ण कोणत्याही उपायाने, किंवा उपायाविनाही, बरा होतो. श्रेय मात्र मंत्राला मिळते. तथापि भगताचा अवमान करून लोकांचा विश्वास मिळवता येणार नाही. त्याला बैठकीला बोलावून, दंशाचा रुग्ण आला तर अंगारा लावून का होईना, पण त्याच क्षणी पुढे धाडावा, असे त्याच्याकडून वदवून घेणे अधिक फलदायी ठरेल. 

ग्रामपंचायत व शाळा यांची कामे

पावसाळ्यापूर्वीच्या ग्रामसभेत हा विषय घ्यावा. प्रत्येक वाडीसाठी रात्री उपलब्ध होणारे वाहन, झोळी वाहणारे चार तरुण व त्यांचे दूरध्वनी क्रमांक निश्चित करून ते अंगणवाडीच्या भिंतीवर लिहावेत. कर्जतचे उपजिल्हा रुग्णालय, कशेळे व चौक येथील ग्रामीण रुग्णालये आणि आपले प्राथमिक आरोग्य केंद्र यांपैकी सर्वांत जवळचे कोणते, याची माहिती घराघरांत असावी. तेथे प्रतिविष व प्राझोसिन यांचा पुरेसा साठा आहे काय, याची मे महिन्यातच चौकशी करावी. रस्त्यावरील व पाणवठ्यावरील दिवे चालू ठेवावेत.

शिक्षकांनी मुलांना चार विषारी सापांची चित्रे दाखवावी आणि प्रथमोपचाराचा प्रत्यक्ष सराव करून घ्यावा. मुलाने घरी सांगितलेली गोष्ट पुष्कळदा भित्तिपत्रकाहून परिणामकारक ठरते. रात्री विजेरी व पायांत पादत्राण असल्याशिवाय बाहेर पडू नये, खाटेवर किंवा निदान मच्छरदाणी गादीखाली नीट खोचून निजावे, सरपण व गोवऱ्या घराच्या भिंतीला लावून रचू नयेत, जोडे व कपडे झटकून घालावे, सांडलेले धान्य झाडून काढावे म्हणजे उंदीर व त्यांच्यामागे साप येणार नाहीत, या गोष्टी अल्प खर्चाच्या आहेत.

दुर्दैवाने मृत्यू ओढवल्यास गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेखाली शेतकरी कुटुंबाला २ लाख रुपयांचे साहाय्य मिळू शकते. या योजनेत सर्पदंश व विंचूदंश यांचा समावेश आहे. परंतु मृत्यू घरीच झाला व कोठे नोंद झाली नाही, तर दावा सिद्ध करणे कठीण जाते. शिवाय ही योजना खातेदार शेतकऱ्यांच्या कुटुंबांसाठी आहे. भूमिहीन कातकरी मजुराच्या कुटुंबाला वेळेवरच्या उपचाराखेरीज दुसरा आधार नाही, याचे भान पंचायत सदस्यांनी विशेषत्वाने ठेवले पाहिजे.

औषध तालुक्यात आहे. प्रश्न वाडी आणि रुग्णालय यांच्यामधील वाटेचा आहे. झोळी कोणी उचलावयाची, गाडी कोणाची न्यावयाची आणि जावयाचे कोठे, हे लावणीला हात घालण्यापूर्वीच ठरलेले असेल, तर दंशाच्या रात्री त्याचा विचार करण्यात एक क्षणही वाया जाणार नाही.