औदुंबरची प्रतिज्ञा आणि कोल्हापूरचं हसू

'ब्रह्मचारी' म्हटलं की आजही लोकांना मीनाक्षी शिरोडकरांचा पोहण्याचा पोशाख तेवढा आठवतो. १९३८ साली त्या पोशाखातल्या एका गाण्यावरून केवढा गहजब झाला! पण अख्खा चित्रपट त्या पोशाखाखाली झाकून टाकणं हा त्याच्यावर अन्याय आहे. मराठी बोलपटाला निर्मळ, गाता विनोद सापडला तो याच चित्रपटात, आणि तो घडला कोल्हापुरात.

१९३३ मध्ये 'प्रभात' फिल्म कंपनी पुण्याला गेली, तरी कोल्हापुरातलं चित्रपटांचं काम थांबलं नाही. मास्टर विनायक, बाबुराव पेंढारकर आणि छायालेखक पांडुरंग नाईक या तिघांनी १९३६ मध्ये 'हंस पिक्चर्स' काढली. पहिला 'छाया' वि. स. खांडेकरांचा, गंभीर. मग आचार्य अत्रे आले आणि कंपनीचा नूरच पालटला.

'ब्रह्मचारी'तला औदुंबर हा चारचौघांसारखा तरुण. देशभक्त जटाशंकरांचं ब्रह्मचर्यावरचं व्याख्यान तो ऐकतो आणि पार भारावून जातो. हौसेने जमवलेली नट-नट्यांची चित्रं फेकून देतो, संसाराच्या वाटेला जायचं नाही असं ठरवतो आणि थेट आश्रमात दाखल होतो. तिथे किशोरी (मीनाक्षी शिरोडकर) येते. पुढची सगळी धमाल औदुंबरच्या निश्चयाची आहे, किशोरीच्या कपड्यांची नव्हे. ते गाजलेलं गाणं पुन्हा पाहावं. पाण्यात ती मोकळेपणाने, जराही न लाजता गात असते आणि अवघडलेला असतो तो ब्रह्मचारी. अत्र्यांची गाणी आणि दादा चांदेकरांची चाल इथे कथेत ठिगळासारखी लावलेली नाहीत. जे जटाशंकरांच्या व्याख्यानाने बांधलं, ते हे गाणं सोडवतं.

अत्र्यांनी टिंगल केली ती दुसऱ्याच्या तोंडचा उपदेश अंगावर झूल घालावी तसा मिरवणाऱ्यांची. बाई इथे हास्याचा विषय होत नाही. तिला काय हवंय ते तिला ठाऊक आहे. पुढच्या कितीतरी मराठी विनोदी चित्रपटांना हे साधलं नाही, हे स्पष्टच म्हणायला हवं.

याच वर्षी हॉलिवूडमध्ये 'ब्रिंगिंग अप बेबी' आला. तिथेही एका शिस्तीच्या पुरुषाची घडी एक मनस्वी मुलगी विस्कटते. त्या चित्रपटाकडे तेव्हा अमेरिकेने फारसं लक्ष दिलं नाही. 'ब्रह्मचारी' मात्र इथे तुफान चालला.

विनोदी नट दामूअण्णा मालवणकरांची तिरकी नजर आणि त्यांचं बोलणं 'हंस'मध्येच बहरलं. १९३९ च्या 'ब्रँडीची बाटली'त तर तेच नायक झाले. १९४० मध्ये 'लग्न पाहावं करून'मध्ये त्यांचा चिमणराव आणि विष्णुपंत जोगांचा गुंड्याभाऊ पडद्यावर आले. चि. वि. जोशींची ती जोडी मराठी घराघरांत आधीच पोचली होती.

विनायक १९४७ मध्ये, अवघ्या एकेचाळिसाव्या वर्षी गेले. त्यांची मुलगी नंदा साठच्या दशकात हिंदी पडद्यावर आघाडीची नायिका झाली. अत्र्यांची ही कथा पुढे रंगभूमीवरही गाजली. वर्षा उसगावकर नावारूपाला आल्या त्या त्याच 'ब्रह्मचारी' नाटकातून.

कोल्हापुरात चित्रपटांविषयी बोलणं निघालं की तमाशापट आणि ऐतिहासिक पट आधी येतात. त्यांचा मान मोठाच आहे. पण 'ब्रह्मचारी'ची जागाही त्याच पंगतीत, पहिल्या पानावर आहे. तो पाहायचा, तर त्या एका गाण्यापुरता नव्हे. जटाशंकरांच्या व्याख्यानापासून पाहावा.