मोत्या काय म्हणतोय?

बालमित्रांनो, एक सोपा प्रश्न. समोर एक कुत्रा उभा आहे आणि तो शेपूट हलवतोय. याचा अर्थ काय?

‘सोप्पंय! तो खूश आहे!’ तुमच्यातल्या बहुतेकांनी हेच उत्तर दिलं असणार. तुमच्याएवढा असताना मीही हेच दिलं असतं. पण हे उत्तर अर्धंच बरोबर आहे. उरलेलं अर्धं माहीत नसलं, तर ते फार महागात पडतं. आमच्या घरी पडलं होतं. तीच गोष्ट आधी सांगतो.

आमच्या गावच्या घरी मोत्या नावाचा कुत्रा होता. पांढराशुभ्र, एका कानावर तपकिरी डाग. संध्याकाळी पडवीत त्याच्या जर्मलच्या ताटलीत दूध-भाकरी कुस्करून ठेवली, की स्वारी खूश! एकदा मोत्या जेवत असताना माझ्या धाकट्या भावाने गंमत म्हणून ताटली ओढली. मोत्या खाताखाता थबकला आणि हळूच गुरगुरला. काकांनी ते ऐकलं मात्र, वहाण काढून त्याला दोन तडाखे दिले. ‘घरच्या पोरावर गुरगुरतोस?’ पुन्हा एकदा तसंच झालं. पुन्हा मार. चार-सहा वेळा मार खाल्ल्यावर मोत्याने गुरगुरणं सोडून दिलं. ‘बघा, कसा सुधारला!’ काका म्हणाले.

मे महिन्याच्या सुट्टीत माझी आतेबहीण आली. मोत्या जेवत असताना ती लाडाने त्याच्यावर वाकली. मोत्या गुरगुरला नाही. एकदम चावलाच! तिच्या मनगटात दात रुतले. सगळे म्हणाले, ‘कुत्रं उलटलं. न सांगता चावलं.’

खरंच न सांगता? नाही. मोत्याने चांगलं चार-सहा वेळा सांगितलं होतं. ‘सांगू नकोस’ असं त्याला शिकवलं होतं ते आम्ही!

आधी कुजबुज, मग आवाज

कुत्र्याला आपल्यासारखं बोलता येत नाही, पण तो सारखा काहीतरी सांगत असतो. कानांनी, डोळ्यांनी, शेपटीने, सगळ्या अंगाने. आणि भांडण टाळायची त्याला आपल्यापेक्षा जास्त घाई असते. म्हणून तो आधी हळू आवाजात सांगून बघतो.

तुम्ही त्याला घट्ट मिठी मारली आहे, असं समजा. पहिल्यांदा तो तोंड दुसरीकडे फिरवेल. झोप आलेली नसताना जांभई देईल. खायला काही नसताना जिभेने नाक चाटेल. याचा अर्थ, ‘मला जरा अवघडल्यासारखं होतंय.’ आपलं लक्ष नसलं, तर कान मागे जातात, शेपूट पायांत जाते, डोळ्यांच्या कडेचा पांढरा भाग दिसायला लागतो. म्हणजे, ‘सोड ना रे!’ मग अंग लाकडासारखं ताठ होतं. मग गुरगुर. मग दात दाखवणं. आणि हे सगळं वाया गेलं, तर सगळ्यात शेवटी चावणं.

आता सांगा, यातली गुरगुर म्हणजे उद्धटपणा आहे का? मुळीच नाही. तो ‘थांब, पुढे येऊ नकोस’ असा सभ्य इशारा आहे. गुरगुरणाऱ्या कुत्र्याला मारणं म्हणजे रेल्वे फाटकावरची घंटा वाजते म्हणून ती घंटाच काढून टाकण्यासारखं आहे. घंटा बंद होते, पण गाडी यायची थोडीच थांबते?

म्हणून कुत्रा गुरगुरला, की हातातलं काम थांबवा, हळूच मागे सरका आणि मोठ्या माणसांना सांगा. आणि मोठ्यांनी? त्याला मारू नये. तो कशामुळे गुरगुरला, ते शोधावं. ताटलीपाशी गर्दी झाली होती? झोपेत कुणाचा पाय पडला? कधी कान दुखत असतो, कधी कंबर दुखत असते. एरवी शांत असलेला कुत्रा हात लावताच गुरगुरायला लागला, तर त्याला आधी जनावरांच्या डॉक्टरांकडे न्यावं.

एक मात्र लक्षात ठेवा. एका खुणेवरून निकाल लावायचा नाही. जांभई झोपेचीही असू शकते. आजूबाजूला काय चाललंय आणि त्याचं सगळं अंग काय सांगतंय, ते मिळून बघायचं.

शेपटीचं कोडं

आता आपल्या पहिल्या प्रश्नाकडे येऊ. शेपूट सैल, ऐसपैस हलतेय, तिच्याबरोबर कंबरही डोलतेय, तोंड थोडं उघडं आहे, तर समजा गडी खूश आहे. पण शेपूट उंच आणि ताठ, तिचं फक्त टोक थरथरतंय आणि नजर तुमच्यावर रोखलेली असेल, तर तिथून हळूच निघालेलं बरं! तो तेव्हा तणावात असतो.

इटलीतल्या शास्त्रज्ञांनी २००७ साली शेपटीबद्दल आणखी एक गंमत शोधून काढली. त्यांनी ३० पाळीव कुत्र्यांच्या शेपटीचं बारकाईने चित्रीकरण केलं. मालक दिसला, की शेपूट कुत्र्याच्या उजव्या बाजूला जास्त झुकायची. अनोळखी, दांडगा कुत्रा दिसला, की डाव्या बाजूला! आपल्याला नुसत्या डोळ्यांनी हे सहज कळत नाही. पण शेपूट प्रत्येक वेळी एकच गोष्ट सांगत नाही, हे तर त्यावरून कळलं ना?

आणि पुढचे पाय जमिनीला टेकवून, मागचा भाग वर करून कुत्रा वाकला तर? तो नमस्कार करत नाही. ‘चल, खेळू या!’ म्हणतोय.

चोराच्या मनात चांदणं?

बाबांची चप्पल कुरतडलेली सापडली. बाबा ओरडले. कुत्र्याने कान पाडले, मान खाली घातली, तो तिरक्या नजरेने बघायला लागला. ‘बघा, चूक केल्याचं त्याला बरोबर कळतंय!’ असं सगळ्यांनाच वाटतं.

अमेरिकेतल्या अलेक्झांड्रा हॉरोविट्झ या संशोधक बाईंनी याची परीक्षा घ्यायचं ठरवलं. त्यांनी १४ कुत्र्यांवर प्रयोग केला. खाऊ समोर ठेवून ‘खायचा नाही’ असं बजावायचं आणि मालकाने खोलीबाहेर जायचं. गंमत अशी, की कधी कधी कुत्र्याने खाऊ खाल्लेला नसतानाही ‘याने खाल्ला’ असं मालकाला सांगितलं जाई. २००९ साली त्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केला. तो ‘अपराधी’ चेहरा चोरी केली की नाही यावर नव्हे, तर मालक रागावला की नाही यावर अवलंबून होता! उलट काहीही न करता बोलणी खाणाऱ्या कुत्र्यांचे चेहरे जास्त पडलेले होते.

म्हणजे ती कबुली नव्हे. ‘तू रागावलास, मला भीती वाटतेय’ एवढंच ते म्हणणं. सकाळच्या चपलेसाठी संध्याकाळी मारलं, तर कुत्र्याला फक्त एकच गोष्ट कळते: बाबा संध्याकाळी घरी आले, की घाबरायचं. त्यापेक्षा चप्पल कपाटात ठेवा आणि त्याला चावायला त्याचं खेळणं द्या. त्याने खेळणं घेतलं, की लगेच शाबासकी!

त्याला आपलं कळतं

आपल्याला त्याचं बोलणं कळत नसलं, तरी तो मात्र आपलं बोलणं शिकतो. कोलकात्याच्या आयसर या संस्थेत अनिंदिता भद्रा आणि त्यांचे विद्यार्थी रस्त्यावरच्या कुत्र्यांचा अभ्यास करतात. त्यांनी रस्त्यावरच्या कुत्र्यांसमोर दोन झाकलेली भांडी ठेवून त्यांतल्या एकाकडे बोट दाखवलं. साधारण निम्मे कुत्रे जवळ आलेच नाहीत. पण जे आले, त्यांतले सुमारे ८० टक्के बोट दाखवलेल्या भांड्याकडेच गेले. हा अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. या कुत्र्यांना कुणी शिकवलं नव्हतं, बरं का!

आणि जे जवळ आलेच नाहीत, ते? ते बिचकत होते. आपल्या गल्लीतलं कुत्रं चार पावलं लांब उभं राहतं, तेव्हा त्यालाही माणसाचा कसला अनुभव आला असेल, याचा विचार करा.

ओळख करून घ्यायची रीत

दुसऱ्याच्या कुत्र्याला हात लावण्याआधी त्याच्या मालकाला विचारा. मग कुत्र्याला विचारा! कसं? समोर वाकून नाही, डोळ्यांत डोळे घालून नाही. थोडं तिरकं उभं राहा, हात बाजूला सैल सोडा आणि त्याला येऊन हुंगू द्या. आला नाही, तर उत्तर ‘नाही’ आहे. आला, तर डोक्यावर थापटू नका. छातीवर किंवा मानेच्या बाजूला हलकेच कुरवाळा. मनात एक, दोन, तीन म्हणा आणि हात काढा. तो पुन्हा जवळ सरकला, तर म्हणतोय ‘आणखी!’ अंग झटकून निघाला, तर म्हणतोय ‘पुरे!’

जेवणाऱ्या, झोपलेल्या, बांधलेल्या आणि पिल्लं असलेल्या कुत्र्याच्या वाटेला जाऊ नये. अनोळखी कुत्रा अंगावर भुंकत आला, तर पळू नका. झाडासारखे स्थिर उभे राहा, हात अंगाशी, नजर जमिनीकडे. बहुतेक वेळा तो हुंगतो आणि निघून जातो.

रोजची निगा

घरचा कुत्रा दिवसभर सांगत असतो, आपण फक्त बघायला हवं. सारखा खाजवतोय? केस बाजूला करून गोचिड्या बघा. कान सारखा झटकतोय? कानात काही झालंय का ते डॉक्टरांना दाखवा. बूड जमिनीला घासत चालतोय? हेही डॉक्टरांना सांगा. त्याचं अंग गरम लागलं, म्हणून लगेच घाबरू नका. कुत्र्याचं नेहमीचं तापमान साधारण १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट, म्हणजे आपल्यापेक्षा जास्तच असतं.

उन्हाळ्यात मात्र जपा. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. जीभ बाहेर काढून धापा टाकत तो अंग थंड ठेवतो. स्वच्छ पाण्याचं भांडं दिवसभर भरलेलं हवं. फिरायला सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर न्या. निघण्याआधी हाताची मागची बाजू डांबरावर टेकवून बघा. तुम्हाला चटका बसला, तर त्याच्या पायांनाही बसेल.

तुमच्या खाऊतलं चॉकलेट, द्राक्षं, मनुका आणि कांदा त्याला कधीही देऊ नका. त्याच्यासाठी ते विष ठरू शकतं. दिवाळीत फटाक्यांनी तो पलंगाखाली लपला, तर ओढून बाहेर काढू नका. खिडक्या-दारं लावा, जवळ बसा, लपायची जागा त्याची त्याला असू द्या. आपल्यापेक्षा त्याचे कान कितीतरी तीक्ष्ण आहेत.

आणि रेबीजची लस दरवर्षी, डॉक्टरांनी सांगितलेल्या तारखेला. त्यात टाळाटाळ नको.

चावलाच तर?

दोस्तांनो, हे नीट वाचा आणि आई-बाबांनाही वाचून दाखवा. कुत्रा चावला किंवा त्याचा दात अथवा नख लागून नुसतं खरचटलं, तरी ती जागा साबण लावून वाहत्या पाण्याखाली पूर्ण १५ मिनिटं धुवायची. त्यावर हळद, तिखट, चुना, काहीही लावायचं नाही. लगेच घरी सांगायचं आणि त्याच दिवशी दवाखान्यात जायचं. चावणारं पिल्लू असलं तरी!

‘आई रागावेल’ म्हणून लपवू नका. रेबीजची लक्षणं एकदा दिसायला लागली, की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. पण वेळेवर पूर्ण उपचार घेतले, तर तो टाळता येतो. ६ जुलै १८८५ रोजी लुई पाश्चर यांच्या लशीने जोसेफ मायस्टर हा ९ वर्षांचा मुलगा वाचला, तेव्हापासून हे जगाला ठाऊक आहे. पाश्चर यांचा स्मृतिदिन, २८ सप्टेंबर, आता जागतिक रेबीज दिन म्हणून पाळतात. पूर्वीची पोटात घ्यायची १४ इंजेक्शनं आता इतिहासजमा झाली आहेत. आता लस दंडात घेतात. जखमेप्रमाणे आणखी काही लागलं, तर ते डॉक्टर ठरवतात.

आणि आई-बाबांनो, मूल चावरं घेऊन आलं, तर आधी साबण, मग दवाखाना. रागवायला पुढे आख्खं आयुष्य आहे.

माझ्या आतेबहिणीला घेऊन आम्ही दवाखान्यात गेलो, तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, ‘कुत्रा कुठे आहे? इंजेक्शनं तर आजच सुरू करू, पण त्याच्यावर दहा दिवस लक्ष ठेवायला हवं.’ काका गप्प बसले. त्यांनी पहाटेच मोत्याला पोत्यात घालून नदीपलीकडे नेऊन सोडलं होतं. ते पुन्हा शोधायला गेले, पण मोत्या सापडला नाही. आतेबहीण पुढे ठणठणीत बरी झाली. त्याची जर्मलची ताटली मात्र बरेच दिवस पडवीत तशीच होती.

मोत्याला फक्त निवांत जेवायचं होतं. त्याने ते सांगितलंही होतं. आज तुमच्या घरचा किंवा गल्लीतला मोत्या काय म्हणतोय, ते जरा थांबून बघाल ना?