घेण्याचे वजन आणि देण्याचे वजन

दोंडाईच्यातील आमचे जुने दुकान पाडून नवे बांधावयाचे ठरले, तेव्हा माळ्यावरून गोणपाटात बांधलेले एक जड गाठोडे निघाले. आत लोखंडाची व पितळेची जुनी वजने, तराजूची एक दांडी आणि साखळ्या तुटलेली दोन पारडी होती. धाकट्या बंधूने भंगारवाल्यास बोलावलेच होते. तो आपला इलेक्ट्रॉनिक काटा मांडून आजोबांची वजने किलोच्या भावाने तोलू लागला. ज्या वजनांनी एके काळी मिरची, भुईमूग आणि ज्वारी तोलली, त्यांचेच वजन होताना पाहून मला राहवले नाही. मी त्याला थांबविले. बंधू म्हणाला, "भाईजी, याचा आता काय उपयोग?" त्या प्रश्नाचे उत्तर शोधताना जे हाती लागले, ते वाचकांपुढे ठेवतो, कारण असे गाठोडे आपल्यापैकी अनेकांच्या माळ्यावर असेल.

ओळख कशी पटवावी?

पहिली खूण अक्षरांची. वजनावर ग्रॅम किंवा किलो असे कोरलेले असेल, तर ते दशमान पद्धतीचे होय. वजनमापांचा कायदा १९५६ साली झाला. ऑक्टोबर १९५८ पासून नवी वजने टप्प्याटप्प्याने आली आणि १ एप्रिल १९६२ पासून ती सक्तीची झाली. शेर-छटाकाची वजने बहुधा त्यापूर्वीची.

दुसरी खूण प्रत्यक्ष वजनाची. एक तोळा म्हणजे ११.६६ ग्रॅम. पक्का शेर ८० तोळ्यांचा, म्हणजे सुमारे ९३३ ग्रॅम. त्यावरून छटाक ५८, नवटाक ११७, पावशेर २३३ आणि अच्छेर ४६६ ग्रॅम भरतो. पासरी पाच शेरांची, म्हणजे ४ किलो ६६५ ग्रॅम. आणि चाळीस शेरांचा मण ३७ किलो ३२४ ग्रॅम. स्वयंपाकघरातील साधा काटाही लहान वजनांच्या पडताळणीस पुरतो. घरात राणीछाप चांदीचा रुपया असेल, तर तोही जवळ ठेवावा. त्या रुपयाचे मूळ वजन नेमके एक तोळा असे. म्हणूनच जुन्या वह्यांत शेर किती रुपये भाराचा, अशी भाषा आढळते. पितळेची अगदी लहान वजने निघाली, तर ती सराफीची असू शकतात. तेथे आठ गुंजांचा मासा आणि बारा मासे मिळून तोळा, हा हिशेब लागू पडतो.

तिसरी खूण शिक्क्याची. लोखंडी वजन उलटे करून पाहावे. तळाच्या खाचेत शिसे भरलेले असते आणि तपासणी अधिकाऱ्याचा ठसा त्यावर उमटवलेला असतो. वजन कमी भरले तर शिसे वाढवून ते नेमके करता येते, हा त्या खाचेचा मूळ उपयोग.

आजोबांचा शेर

आमच्या गाठोड्यातील एक शेर ९२८ ग्रॅम भरला. गंज आणि झीज धरता ते ठीकच होते. दुसरा मात्र ८८५ ग्रॅम भरला, आणि त्यावर ठसाही नव्हता. माझ्या छातीत धस्स झाले. दरवर्षी संवत्सरीस प्रतिक्रमण करताना तिसऱ्या अणुव्रताच्या अतिचारांत आपण कूटतुला-कूटमानाचे नाव घेतो. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायातही हाच दोष 'हीनाधिकमानोन्मान' या शब्दाने सांगितला आहे: देताना कमी मापाने देणे, घेताना अधिक मापाने घेणे. ज्या आजोबांनी हे व्रत आम्हांस शिकविले, त्यांच्याच दुकानात हे वजन?

बँकेतील सवयीने मी आकडेमोड केली. ८८५ ला ११.६६ ने भागले, तर उत्तर जवळजवळ नेमके ७६ आले. पूर्वी शेर गावोगावी निराळा असे. मुंबई इलाख्यात १९३२ च्या कायद्याने हा घोळ मिटविण्याचा प्रयत्न झाला, तो त्यासाठीच. मग हा एखाद्या पेठेचा ७६ तोळ्यांचा जुना शेर तर नसेल?

दुकानाच्या जुन्या वह्या मुडिया अक्षरांत होत्या. त्या वाचण्यास एका वयोवृद्ध मुनीमजींनी साहाय्य केले. दोन दुपारी खपून त्यांनी एका पानावर बोट ठेवले. तेथे शेतकऱ्याकडून घेतलेला माल ७६ भाराच्या शेराने लिहिला होता आणि किरकोळ विक्रीही त्याच शेराने. मुनीमजी एवढेच म्हणाले, "घेताना पण तोच, देताना पण तोच."

माझ्या मनावरील ओझे उतरले. शेर लहान की मोठा, हा प्रश्नच नव्हता. घेण्याचे आणि देण्याचे वजन एक आहे की दोन, हा प्रश्न होता.

तथापि येथेच थांबलो तर वाचकांशी प्रामाणिकपणा होणार नाही. गाठोड्यातील एक अच्छेर ४४१ ग्रॅम भरला. त्याच्या खाचेतील शिसे नाहीसे झाले आहे. शिसे कालांतराने आपोआपही गळते. पण खाचेच्या कडेला ओरखडे आहेत. ते कोणाच्या हातचे, कोणत्या काळातले, याचे उत्तर वहीत नाही. तेही वजन मी टाकले नाही. इतरांच्या शेजारीच ठेवले आहे.

तराजूची परीक्षा

दांडी दुरुस्त केल्यावर प्रथम रिकामी पारडी समतोल राहतात का, ते पाहावे. एक पारडे जड असेल तर हलक्या बाजूस पासंग लावतात. 'पासंगालाही न पुरणे' हा आपला वाक्प्रचार तेथूनच आला. मात्र रिकामी पारडी समतोल असली, तरी तराजू खरा असेलच असे नाही. दांडीचे दोन्ही हात सारख्या लांबीचे नसतील, तर तोल फसवा ठरतो. म्हणून दोन्हींकडे भार ठेवून काटा मध्यावर आणावा आणि मग भारांची अदलाबदल करावी. तरीही काटा मध्यावरच राहिला, तर तराजू खरा.

स्वच्छता जपून करावी

साफसफाईस बसण्यापूर्वी जयणा पाळावी. खाचांमध्ये कोळी, मुंग्या यांनी घर केलेले असते. पुंजणीने हळुवार जागा मोकळी करावी. पितळेस चिंच किंवा घासण्याची पूड लावू नये. झळाळी येते, पण कोरलेली अक्षरे झिजतात. कोमट पाणी, सौम्य साबण आणि मऊ ब्रश पुरे. हिरवा कळंक राहिला तरी चालेल. लोखंडास पाणी न लावता जाड कापडाने कोरडे घासावे व शिलाई यंत्राच्या तेलाचा पातळ हात द्यावा. कानस किंवा पॉलिश कागद तर मुळीच नको. शिशास हात लागल्यास हात धुवावेत आणि अशी वजने लहान मुलांपासून दूर ठेवावीत.

शेर-छटाकाची ही वजने व्यापारात वापरणे कायद्याने निषिद्ध आहे. ती केवळ स्मृती म्हणून जपावीत. प्रत्येक वजनाचा तोल, ठसा आणि ते कोठे मिळाले, याची एका वहीत नोंद ठेवावी. घरात जागा नसेल तर धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळासारख्या संस्थेकडे विचारणा करावी, विशेषतः जुन्या वह्यांसाठी. कारण वहीशिवाय वजन मुके असते. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात घरगुती वापरातील साध्या वस्तूंना किती मान मिळाला आहे, तेही एकदा मुलांना दाखवावे.

नव्या दुकानात गल्ल्यामागे एक लहान काचेचे कपाट केले आहे. त्यात ७६ तोळ्यांचा शेर आहे आणि तो अच्छेरही. नातू परवा विचारत होता, "यातले खरे कोणते?" मी त्याला दोन्ही हातात दिली आणि प्रथम वहीचे ते पान दाखविले.