वरण कागदासारखं का लागतं?

एका वाचक भगिनीचा प्रश्न : ‘वडिलांना केमो नाही, इम्युनोथेरपी सुरू आहे. केस शाबूत आहेत. पण तोंड इतकं कोरडं, की भाकरीचा घास नुसता तोंडात फिरतो आणि वरण कागदासारखं लागतं. असं का?’

केमोत तोंड येतं, कारण औषध भराभर वाढणाऱ्या पेशींवर घाला घालतं. इथं तोडफोड करतात त्या वडिलांच्याच प्रतिकारशक्तीच्या टी-पेशी. कोळपणीच्या बैलानं उभं पीक खाऊ नये म्हणून त्याला मुसकं बांधतात. निवोलुमॅब, पेम्ब्रोलिझुमॅब ही औषधं टी-पेशींचं मुसकं काढतात. बैल तण, म्हणजे कॅन्सर, खातो, हे उत्तमच. पण एखादे वेळी पिकालाही तोंड लावतो. लाळग्रंथी हे त्यातलंच पीक.

याची वर्दी १९९५ सालीच मिळाली होती. अमेरिकेत आर्लीन शार्प यांच्या गटानं ‘सीटीएलए-४’ हे टी-पेशींवरचं असंच आणखी एक मुसकं जन्मापासूनच नसलेले उंदीर तयार केले. तीन-चार आठवड्यांतच ते दगावले. हृदय, स्वादुपिंड टी-पेशींनी पोखरलेलं. टोरांटोत टाक माक यांच्या गटालाही त्याच वर्षी हेच दिसलं. मुसकं काढण्याच्या या उपचारासाठी २०१८चं नोबेल जेम्स ॲलिसन आणि तासुकू होंजो यांना मिळालं, ते रास्तच. पण मुसकं काढण्याची किंमत काय, हे दाखवणाऱ्या शार्पबाईंचं नाव आपल्याकडच्या बातम्यांत क्वचितच दिसतं!

आता वरण. पदार्थ लाळेत विरघळल्याशिवाय चव जिभेवरच्या कलिकांपर्यंत पोचत नाही. एरवी दिवसाला अर्धा ते दीड लिटर लाळ सुटते. ती आटली की जीभ धड असूनही चव जाते. वर दातही भराभर किडतात. म्हणून फ्लोराइडची पेस्ट, घोटघोट पाणी, बिनसाखरेचं च्युइंगगम, मऊ ताकभात. तिखट नको, मिश्री तर नकोच. धातूची चव येत असेल तर स्टीलऐवजी लाकडी चमचा.

गालाच्या आत पांढऱ्या जाळीदार रेषा किंवा व्रण दिसले, तर बहुधा स्टेरॉइडच्या गुळण्या देतात. पण पांढरा थर बुरशीचा असेल, तर त्याच गुळण्यांनी ती फोफावू शकते. तेव्हा जुन्या चिठ्ठीवर औषध आणू नका, तोंड दाखवा.

आणि ‘इम्युनिटी’ वाढवणारे काढे? बैल आधीच मोकळा आहे. डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही पाजू नका. गिळताना त्रास होत असेल किंवा वजन घटत असेल, तर पुढच्या डोसच्या तारखेची वाट न पाहता फोन करा.