बोलता बोलता इंग्रजी : पावसानंतरची खेळपट्टी

मागच्या आठवड्यात जहाजांवरून आलेले वाक्प्रचार पाहिले, आज मैदानात उतरू. क्रिकेटमधून इंग्रजीत गेलेले शब्दप्रयोग मराठी वाचकाला सोपे वाटतात, कारण खेळ आपल्या अंगात मुरलेला आहे. घोटाळाही नेमका त्यामुळेच होतो. खेळ तोच असला, तरी इंग्रज माणूस त्या प्रसंगाकडे कुठे उभा राहून पाहतो हे लक्षात आलं नाही, तर अर्थ उलटाच लागतो.

'वुई आर ऑन अ स्टिकी विकेट' असं कोणी म्हणालं, तर शब्दकोश सांगतो : अडचणीची परिस्थिती. अर्थ बरोबर आहे, पण त्यातली चव गेली. पूर्वी कसोटी सामन्यांतही खेळपट्टी उघडीच असायची. पाऊस येई, माती भिजे, मग कडक ऊन पडे. वरचा थर वाळत जाई आणि खाली ओल तशीच राही. अशा मातीवर टप्पा पडला की चेंडू क्षणभर रुततो. एखादा खांद्यापर्यंत उसळतो, तर पुढचा घोट्याजवळून सरपटत जातो. फलंदाजाचं तंत्र कितीही पक्कं असो, अंदाजच बांधता येत नाही.

डिसेंबर १९५०मधल्या ब्रिस्बेन कसोटीत हे फार भीषण रूपात दिसलं. ऑस्ट्रेलियाचा पहिला डाव २२८ धावांत संपला आणि मग वादळी पाऊस कोसळला. सोमवारी खेळ सुरू झाला, तेव्हा इंग्लंडचा कर्णधार फ्रेडी ब्राउन याने ७ बाद ६८वर डाव घोषित केला. याच मातीवर ऑस्ट्रेलियाला खेळायला लावायचं, हाच त्यामागचा हिशेब. ऑस्ट्रेलियाच्या लिंडसे हॅसेटनेही तीच चाल उलटवली आणि ७ बाद ३२वर डाव सोडला. संध्याकाळपर्यंत इंग्लंडची अवस्था ६ बाद ३० झाली होती. एका दिवसात १३० धावा आणि २० बळी! दुसऱ्या दिवशी आठव्या क्रमांकावर आलेला लेन हटन नाबाद ६२ धावा करून एका बाजूने उभा राहिला, पण इंग्लंड ७० धावांनी हरलं. मुंबईकरांना हे वेगळं समजावून सांगायला नको. १९४८पासून भर पावसाळ्यात रंगणाऱ्या कांगा लीगने कितीतरी फलंदाजांना ओल्या खेळपट्टीचे धडे दिले आहेत.

आता वाक्प्रचाराकडे परत येऊ. 'स्टिकी विकेट'वर सापडलेला माणूस नालायक नसतो, त्याच्या पायाखालची जमीनच दगा देत असते. त्यामुळे स्वतःच्या हाताने ओढवून घेतलेल्या संकटाला हा शब्दप्रयोग तितकासा शोभत नाही, असं मला वाटतं.

दुसरा प्रयोग 'नॉक्ड फॉर सिक्स'. षटकार म्हटलं की आपण टाळ्या वाजवतो. म्हणून 'द न्यूज नॉक्ड हर फॉर सिक्स' हे वाक्य वाचून बातमी आनंदाचीच असणार, असं मराठी वाचकाला वाटू शकतं. पण इथे ती बाई फलंदाज नाही. बॅटचा तडाखा तिला बसला आहे, ती फेकली गेली आहे. बातमीने ती पुरती कोलमडली, असा याचा अर्थ. मृत्यू, आजारपण, नोकरी जाणं अशा प्रसंगी हा प्रयोग हमखास येतो. याच्या उलट 'बोल्ड ओव्हर'. आपल्याकडे त्रिफळा उडाला म्हणजे फजिती झाली, पण इंग्रजीत 'आय वॉज बोल्ड ओव्हर बाय हर सिंगिंग' म्हणजे तिच्या गाण्याने मी थक्क झालो, भारावून गेलो.

'ऑफ हिज ओन बॅट' सोपा आहे : कोणी न सांगता, आपणहून. बाय किंवा लेगबायच्या धावा संघाच्या खात्यात जातात, पण स्वतःच्या बॅटमधून निघालेल्या धावा फलंदाजाच्याच. हल्ली 'बॅट'च्या जागी 'बॅक' म्हणणारे इंग्रजही भेटतात, तुम्ही मात्र 'बॅट'च म्हणा.

'टु प्ले अ स्ट्रेट बॅट'चे मात्र दोन अर्थ आहेत आणि ते संदर्भावरूनच ओळखावे लागतात. जुना अर्थ सचोटीने, सरळ वागण्याचा. वर्तमानपत्रात मात्र मंत्र्याने पत्रकारांपुढे 'स्ट्रेट बॅट' खेळली असं आलं, तर त्याने प्रत्येक अवघड प्रश्न शांतपणे तटवला, हाती काही लागू दिलं नाही, असं समजावं.

शेवटचा प्रयोग जपून वापरायचा. भरपूर वय होऊन माणूस गेला, की इंग्लंडमध्ये 'ही हॅड अ गुड इनिंग्ज' म्हणतात. त्यात कृतज्ञता आहे, मायाही आहे. पण हे म्हणण्याचा अधिकार आधी घरच्यांचा. वडील गेलेल्या सहकाऱ्याला आपण होऊन असं ऐकवलं, तर 'वय झालंच होतं की' असं म्हटल्यासारखं लागतं. त्याने स्वतः म्हटलं, तर 'येस, ही डिड' एवढं पुरे. नाहीतर साधं 'आय अॅम सो सॉरी' म्हणावं.