लक्ष्मीबाईंची पाच वर्षं

अन्नपूर्णा मंदिराच्या परिसरात राहणाऱ्या आमच्या मराठी ख्रिस्ती घराला दोन प्रश्न ठरलेले असतात. पहिला, ‘तुम्ही ख्रिश्चन, मग घरात मराठी कसं काय?’ याचं उत्तर सोपं आहे. आम्ही मूळ अहमदनगरचे, म्हणजे आताच्या अहिल्यानगरचे. अहिल्यादेवींचं माहेर चौंडी त्याच जिल्ह्यात, तेव्हा इंदूरशी नातं जुनंच म्हणा ना! आणि ख्रिस्ती माणसाची मराठी तर त्याहून जुनी. फादर स्टीफन्स यांचं ओवीबद्ध ‘क्रिस्तपुराण’ १६१६ सालचं आहे. शिवाजी महाराजांच्या जन्माआधीचं.

दुसरा प्रश्न गणेशोत्सवाच्या नाटकाच्या तालमीत एका कॉलेजच्या मुलीने विचारला. ‘दादा, रविवारी चर्चला जाता ते कळलं. बाकीचे सहा दिवस काय करता?’

हा प्रश्न अवघड आहे. आमच्या घरी संध्याकाळी कौटुंबिक उपासना असते. दहा-पंधरा मिनिटांची. बायबलमधला एक उतारा, ‘उपासना संगीता’तलं एक गीत, मग प्रार्थना. ईस्टरच्या आधी रविवार सोडून मोजलेले ४० दिवस आई काही पदार्थ सोडते, अगदी तुमच्याकडे चातुर्मासात सोडतात तसं. पण तिला हे वेळापत्रक नको होतं. या सगळ्याने माणूस आतून वाढतो का, आणि वाढतो तर कसा, असं तिला विचारायचं होतं. मी तिला ‘स्मृतिचित्रे’ वाचायला दिलं.

लक्ष्मीबाई टिळकांचं हे आत्मचरित्र १९३४ पासून चार भागांत आलं. त्यातला एखादा गमतीदार धडा शाळेत अनेकांनी वाचला असेल. पण माझ्या मते मराठीत आध्यात्मिक वाढीचं इतकं प्रामाणिक वर्णन दुसरं नाही, आणि ते एका अशा बाईने लिहिलंय जिला ‘अध्यात्म’ हा शब्द वापरायची फारशी गरजच पडत नाही.

गोष्ट थोडक्यात अशी. नारायण वामन टिळक, ‘केवढे हे क्रौर्य!’वाले कवी, १८९३ च्या सुमारास नोकरीसाठी नागपूरहून राजनांदगावला आगगाडीने निघाले होते. डब्यातल्या एका गोऱ्या प्रवाशाने त्यांना ‘नवा करार’ दिला. डोंगरावरचं प्रवचन वाचून ते हलले, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. हे झालं टिळकांचं. त्यांच्या स्वभावासारखंच, झपाट्याने.

लक्ष्मीबाईंचं काय? लग्न अकराव्या वर्षी झालेलं. लिहिणं-वाचणं लग्नानंतर टिळकांकडूनच शिकलेलं. माहेरी वडिलांचं सोवळं इतकं कडक, की बाजारातून आलेली वस्तू धुतल्याशिवाय घरात घ्यायची नाही, अगदी मीठसुद्धा. अशा घरातल्या बाईचा नवरा धर्म बदलतो म्हणजे तिच्यासाठी संसारच मोडतो. कडेवर लहान दत्तू, आणि आसरा नातेवाइकांचा. ती रडली, आजारी पडली, नवऱ्यावर चिडली. हे सगळं तिने लपवलेलं नाही, आणि विनोद तर त्यातही सोडलेला नाही.

काही वर्षांनी ती नगरला टिळकांकडे राहायला आली ती ख्रिस्ती होऊन नव्हे. तिचं सोवळं-ओवळं, तिचं वेगळं पाणी, वेगळा स्वयंपाक चालूच राहिला. आणि टिळकांसारखा तापट माणूस, ज्याच्या हातात पैसा टिकत नसे आणि ज्याच्या डोक्यात एक विचार आला की घर विसरायचा, तो या बाबतीत मात्र थांबला. त्याने बायकोवर जबरदस्ती केली नाही. मला टिळकांच्या कवितांपेक्षा त्यांचं हे थांबणं मोठं वाटतं.

मग तिच्या मनात एक साधा प्रश्न घोळू लागला. जाती देवाने केल्या की माणसाने? तिने तो स्वतःच्या बुद्धीने सोडवला आणि कुणाच्याही हातचं खायचं-प्यायचं ठरवलं. आज आपल्याला ही गोष्ट किरकोळ वाटेल. मीठ धुणाऱ्या घरातल्या बाईसाठी तो पूर्ण जन्म ओलांडणं होतं. १९०० साली तिने बाप्तिस्मा घेतला. नवऱ्यानंतर पाच वर्षांनी.

आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात मोठ्या रिलीजचा केक कापला जातो. त्याआधी महिनोन्‌महिने रोज केलेले बारीकसारीक बदल कुणी साजरे करत नाही. बाप्तिस्मा हा केक आहे. लक्ष्मीबाईंची पाच वर्षं म्हणजे ते बारीक बदल. (उपमा फार ताणू नये, आमचे रिलीज पुष्कळदा दुसऱ्या दिवशी मागे घ्यावे लागतात!)

आणि बाप्तिस्म्याने काम संपलं नाही. त्यानंतर टिळकांच्या घरात विद्यार्थी आले, अनाथ मुलं आली, कवी बालकवी येऊन राहिले. त्या सगळ्यांना जेवू घालायचं कुणी? जिने एके काळी परक्याचं पाणी नाकारलं तिनेच. ख्रिस्ती जीवनात वाढ म्हणतात ती बहुतेक स्वयंपाकघरातच दिसते. प्रवचनात ती दाखवणं सोपं आहे.

दुसरं उदाहरण आपल्या इंदूरजवळचं आहे. मराठी नाही, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. सिस्टर रानी मारिया केरळच्या. देवास जिल्ह्यातल्या उदयनगरला गरीब शेतकऱ्यांना सावकारांच्या तावडीतून सोडवायचं काम त्या करत. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी इंदूरकडे येणाऱ्या बसमध्ये त्यांचा सुऱ्याने खून झाला. २००२ च्या राखीपौर्णिमेच्या सुमारास त्यांच्या धाकट्या बहिणीने, त्याही नन, तुरुंगात जाऊन मारेकऱ्याला राखी बांधली. तो २००६ मध्ये सुटला. २०१७ च्या ४ नोव्हेंबरला इंदूरमध्ये रानी मारियांना ‘धन्य’ घोषित केलं गेलं.

मला त्या समारंभापेक्षा १९९५ ते २००२ ही मधली वर्षं महत्त्वाची वाटतात. प्रभूच्या प्रार्थनेत आम्ही रोज म्हणतो की आम्ही जशी इतरांना क्षमा केली तशी तू आम्हाला कर. ओळ पाठ असते, तोंडातून सरसर जाते. त्या बहिणीने ती सात वर्षं रोज म्हटली असणार. खुनाच्या दुसऱ्या दिवशीसुद्धा.

आता माझ्या घरचं. माझी सहा वर्षांची मुलगी उपासनेत हिंदीत प्रार्थना करते, कारण शाळा हिंदी-इंग्रजी आणि आमच्या चर्चमधली उपासना हिंदी. आजीला ते खुपतं. मला फारसं नाही, पण टिळकांची भजनं तिला कळू नयेत हे मात्र मला चालणार नाही. टिळक तुकोबांच्या वाटेने ख्रिस्तापर्यंत पोचले होते. त्यांचे अभंग मराठी चर्चमध्ये आजही टाळ-पेटीवर गातात, आणि ते हिंदीत नेले तर त्यातला तुकोबा वाटेत गळून पडतो. म्हणून गेल्या पावसाळ्यापासून गीत मराठीच म्हणायचं ठरलंय. प्रार्थना ज्या भाषेत येईल त्या भाषेत.

आमच्या उपासनेत आणखी एक पद्धत आहे, आजोबांच्या वेळेपासूनची. प्रार्थनेआधी प्रत्येकाने दिवसभरात ज्याचा राग आला त्याचं नाव मनात घ्यायचं. मोठ्याने नाही. मग त्या माणसासाठी एक वाक्य मागायचं. ऑफिसात ज्या दिवशी क्लायंटचा फोन रात्री साडेआठला संपतो त्या दिवशी हे एक वाक्य तोंडातून निघायला फार वेळ लागतो. मुलगी मात्र मोठ्यानेच नाव सांगते, आणि बहुतेक वेळा ते माझंच असतं.

तालमीतल्या त्या मुलीने पुस्तक अजून परत केलेलं नाही. निरोप आलाय की तिची आई वाचतेय, आणि शेजारच्या काकूंचा नंबर लागलाय.