८०० मायक्रोग्रॅमचा डोंगर

२० मायक्रोग्रॅम! ऑस्टिओपोरोसिसनं हाडं ठिसूळ झालेल्यांना टेरिपॅराटाइडचं इंजेक्शन रोज टोचतात, त्यात औषध असतं एवढंच. चिमूटभर, म्हणजे एक ग्रॅम औषध घेतलं तर त्यात ५०,००० डोस बसतील. रोज एक टोचा, जवळजवळ १३७ वर्षं पुरेल!

५० किलोच्या बाईचं वजन म्हणजे मुंबई-पुण्याचं १५० किलोमीटर अंतर धरा. त्या अख्ख्या वाटेवर हा डोस किती? एका केसाची जाडी! विहिरीत मोजायचं तर ५ लाख लिटर पाण्यात चार थेंब.

आता हे पाहा. महिनाभराचं औषध एकाच पेनात भरलेलं असतं आणि चुकून अख्खं पेन एका वेळी टोचलं गेल्याच्या नोंदी आहेत. ८०० मायक्रोग्रॅमपर्यंत! ४० पट! ४० लोकलची गर्दी एकाच लोकलमध्ये!

रेणू मोजले तर डोकं गरगरतं. रोजच्या डोसातला एकेक रेणू एक रुपया समजून १४० कोटी भारतीयांत वाटला, तर प्रत्येकाला मिळतील २० लाख. अख्ख्या पेनाचे? माणशी ८ कोटी!

एवढ्यानं मळमळ झाली, गळून गेल्यासारखं झालं, रक्तदाब उतरला. काहींना तर काहीच झालं नाही. अशा नोंदींत मृत्यू एकही नाही. तरी गाठायचं रुग्णालयच, कारण खरी भीती मागून येते, रक्तात चढणाऱ्या कॅल्शियमची. शरीरात कॅल्शियम सुमारे एक किलो, त्यातलं ९९ टक्के हाडांत. रक्तात अर्धा ग्रॅमसुद्धा नाही! बँकेत लाख रुपये आणि खिशात पन्नासही नाहीत, असा हा संसार. खिशात थोडी भर पडली तरी तोल जातो. नेहमीच्या डोसानंतरसुद्धा हे कॅल्शियम चार ते सहा तासांनी शिखर गाठतं. उतारा म्हणून वेगळं औषध नाही. डॉक्टर कॅल्शियम तपासत राहतात, रक्तदाब सांभाळतात, गरजेप्रमाणे सलाइन लावतात.

औषध मात्र केव्हाच पळत सुटलेलं असतं. रक्तातलं प्रमाण साधारण दर तासाला निम्मं! डेक्कन क्वीन मुंबईहून पुण्याला पोचेपर्यंत ४० डोसांचे उरतात पाच. हिशोब असाच धावला तर माणशी ८ कोटींचे दहा तासांत ८० हजार होतात. वीस तासांत ८०. आणि पुरत्या चोवीस तासांनी? माणशी पाच!